मीटरचा लाल दिवा आणि चुलीचा वैल

"दोन तर दिवे हाईत बाबा माझ्या घरात. त्यातला कंचा बंद करू, तेवढं सांगून जा."

गतवर्षीच्या हिवाळी शिबिरात एका आजींनी आम्हाला हा प्रश्न विचारला आणि आमची ऊर्जा बचतीची प्रभातफेरी त्यांच्या अंगणातच संपली. आमच्या हातात फलक होते, घोषणा पाठ होत्या आणि १४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन असल्याचे भाषणही तयार होते. आजींच्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यांपैकी कशातच नव्हते. त्या रागावलेल्या नव्हत्या. त्यांनी आम्हाला गूळ-पाणी दिले, नावे-गावे विचारली. पण विचारलेला प्रश्न त्यांनी मागे घेतला नाही.

त्या प्रश्नाने आम्हाला सात दिवस कामाला लावले. त्या सात दिवसांत आणि नंतरच्या काही फेऱ्यांत जे कळले ते आपल्या महाविद्यालयातील मित्रमैत्रिणींना व प्राध्यापकांना सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आम्ही सगळे कला शाखेचे. वॅट आणि युनिट यांच्याशी असलेला आमचा संबंध दहावीच्या परीक्षेनंतर सौहार्दपूर्ण रीतीने संपुष्टात आला होता. तेव्हा विज्ञान शाखेच्या मित्रांनी पुढील मजकूर थोडा सांभाळून घ्यावा.

राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली ती २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, देशातल्या ३७ विद्यापीठांत. पुस्तके वाचणाऱ्या मुलांनी गावात जावे, तिथल्या माणसांबरोबर काम करावे आणि त्यातून दोघांनीही काही शिकावे, ही त्यामागची कल्पना. रस्ते, बंधारे, वृक्षारोपण, साक्षरता ही कामे पिढ्यान् पिढ्या स्वयंसेवकांनी केली. या कामांत एक सोय असते. खड्डा खणला की तो दिसतो. ऊर्जा बचतीत तसे काहीच दिसत नाही. वाचलेली वीज हातात धरून दाखवता येत नाही, म्हणून मग फलक आणि घोषणा. आमचेही तेच झाले होते.

दुसऱ्या दिवशी आमचे कार्यक्रम अधिकारी सर आम्हाला गावातल्या एका निवृत्त वायरमनकडे घेऊन गेले. राज्य वीज मंडळाची २००५ साली निरनिराळ्या कंपन्यांत विभागणी झाली, त्याला आता बराच काळ लोटला. पण गावात त्यांना अजूनही 'बोर्डातले अण्णा' असेच म्हणतात. अण्णांनी आमचे फलक पाहिले, किंचित हसले आणि म्हणाले, "वीज वाचवा म्हणता ते खरं, पण वीज जाते कुठं ते बघितलंय का कधी?" आणि त्यांनी आम्हाला ओसरीवरच्या मीटरसमोर उभे केले.

मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. आपण तो रोज पाहतो आणि मीटर चालू असल्याची खूण समजून सोडून देतो. वास्तविक तो दिवा मोजणी करीत असतो. बहुतेक घरगुती मीटरांवर एक आकडा छापलेला असतो. अण्णांच्या मीटरवर तो ३२०० होता. याचा अर्थ असा की, दिवा ३२०० वेळा लुकलुकला म्हणजे एक युनिट वीज खर्च झाली. एक युनिट म्हणजे एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालवल्यावर लागणारी वीज. शंभर वॅटचे उपकरण चालवले तर तेच युनिट दहा तास पुरेल. इतके ध्यानात ठेवले की पुढचे सगळे तोंडी हिशोबाचे काम आहे.

अण्णांची रीत अशी. घरातले सगळे बंद करायचे आणि एकच उपकरण चालू ठेवायचे. लाल दिवा एकदा लुकलुकल्यापासून पुन्हा लुकलुकेपर्यंतचे सेकंद मोजायचे. मग ११२५ या आकड्याला त्या सेकंदांनी भागायचे. उत्तर येते ते त्या उपकरणाचे वॅट. (एका तासाचे ३६०० सेकंद, युनिटाचे १००० वॅट-तास आणि मीटरचे ३२०० ठोके यांच्या गुणाकार-भागाकारातून ११२५ निघतो. मीटरवर १६०० असेल तर हा आकडा २२५० होईल.) आम्ही पंखा पूर्ण वेगाने लावला. पंधरा सेकंदांनी दिवा लुकलुकला; म्हणजे पंचाहत्तर वॅट. पंखा बंद करून स्वयंपाकघरातला नऊ वॅटचा एलईडी दिवा लावला आणि वाट पाहत बसलो. एक मिनिट झाले, दीड झाले. आमच्यातल्या एकीने मीटर बिघडल्याचे जाहीर केले. दोन मिनिटे आणि पाच सेकंदांनी तो लुकलुकला. मग अण्णांच्या सूनबाईंनी बादलीत पाणी तापवायचा रॉड लावला, तशी त्या लाल दिव्याची पापणी मिटेचना. सेकंदाला एकाहून अधिक वेळा तो फडफडू लागला. त्या फडफडीने आमची जेवढी समजूत पटली तेवढी कोणत्याही तक्त्याने पटली नसती.

त्या दुपारी आम्ही फलक शाळेच्या खोलीत ठेवून दिले. हातात घड्याळ आणि वही घेऊन, दोघादोघांच्या जोड्या करून, घरमालकांच्या परवानगीने मीटर पाहत फिरलो. लोकांना हा खेळ आवडला. विशेषतः शाळकरी पोरांना. दुसऱ्या दिवशी ती आमच्याआधीच सेकंद मोजून ठेवू लागली.

आमच्या डोक्यात बचत म्हणजे दिवा, हे समीकरण घट्ट बसलेले होते. जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब बसवलेला असे त्या काळी ते बरोबरही होते. त्या बल्बला दिलेल्या विजेतून शेकड्याला जेमतेम पाच भाग उजेड मिळे, बाकी सगळी उष्णता. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारची 'उजाला' योजना आली, एलईडी दिव्यांची सरकारी खरेदी प्रचंड प्रमाणावर झाली आणि २०१४ साली ३१० रुपयांच्या घरात असलेला खरेदीचा दर २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर उतरला. या योजनेतून देशभर ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. त्यामुळे आमच्या शिबिराच्या गावात पिवळा बल्ब शोधूनही सापडेना. एक सापडला तो गोठ्यात. दिव्यांची लढाई बव्हंशी जिंकून झालेली होती आणि आम्ही तिच्याच घोषणा देत हिंडत होतो!

विजेचा खरा खप पंख्यात, फ्रिजमध्ये आणि पाणी तापवण्यात. पंख्याचाच हिशोब करू. साधा छताचा पंखा ७५ वॅटचा. दिवसाला बारा तास चालला तर नऊ दशांश युनिट, म्हणजे महिन्याला सत्तावीस युनिटे. आता बीएलडीसी नावाच्या मोटरचे पंखे मिळतात. जुन्या पंख्याच्या मोटरमध्ये फिरणाऱ्या भागातही प्रवाह निर्माण करावा लागतो आणि त्यात बरीच वीज नुसती तापण्यात जाते. नव्या मोटरमध्ये फिरणाऱ्या भागाला कायमचे लोहचुंबक बसवलेले असते, त्यामुळे ती घट टळते; तेवढाच वारा तीस-पस्तीस वॅटमध्ये मिळतो. तीस वॅट धरले तर महिन्याला अकरा युनिटांहून थोडे कमी. म्हणजे एका पंख्यामागे महिना सोळा युनिटांची बचत. साठ वॅटचा बल्ब काढून नऊ वॅटचा लावला आणि तो रोज पाच तास जळला, तर वाचतात महिन्याला साडेसात-पावणेआठ युनिटे. पंखा दुप्पट मोठा चोर आहे आणि फलकावर मात्र त्याचे चित्र कधीच नसते.

पंख्याच्या रेग्युलेटरविषयी एक गैरसमज आम्हा सर्वांचाच होता. जुना, पेटीसारखा मोठा रेग्युलेटर पंख्याचा वेग कमी करतो तो वाटेत अडथळा घालून. पंख्याला न दिलेल्या विजेतली बरीचशी त्या पेटीत उष्णता होऊन जाते. म्हणूनच ती पेटी हाताला गरम लागते. नवा, बटणाएवढा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर तसे करीत नाही. हेही आम्ही मीटरवरच पडताळून पाहिले: जुन्या पेटीने पंखा अगदी सावकाश केला तरी लाल दिव्याचे अंतर म्हणावे तितके लांबेना.

फ्रिजविषयी गावात एक पद्धत रूढ आहे, आणि शहरातही असावी. रात्री झोपताना फ्रिज बंद करायचा, सकाळी चालू करायचा, तेवढीच बचत. हे दिसते तितके लाभाचे नाही. रात्रभर बाहेरची ऊब फ्रिजमध्ये शिरते आणि सकाळी तीच बाहेर काढायला यंत्राला न थांबता धावावे लागते. वाचते ते नाममात्र, आणि दूध नासले तर तेही गेले. त्यापेक्षा दाराची रबरी कड तपासावी. एक कागद दारात धरून दार लावावे. कागद सहज ओढून निघाला तर कड सैल झाली आहे आणि गारवा चोवीस तास गळतो आहे असे समजावे. फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवू नये, कारण पाठीमागून टाकलेली उष्णता जायला वाट लागते. एका घरी फ्रिज बरोबर चुलीशेजारी होता. तो हलवायला आम्ही चौघे लागलो आणि शिबिराच्या अहवालात 'श्रमदान' या सदराखाली त्याची नोंद केली.

नवे उपकरण घेताना चांदण्या पाहाव्यात, हे आता सर्वांना माहीत असते. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानुसार २००२ साली ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला आणि २००६ पासून ही चांदण्यांची पद्धत सुरू झाली. छताच्या पंख्यांना ती १ जानेवारी २०२३ पासून सक्तीची झाली. पण चांदण्यांशेजारी आणखी दोन गोष्टी छापलेल्या असतात, त्या कोणी वाचत नाही. एक म्हणजे लेबल कोणत्या काळासाठी आहे ते. निकष वेळोवेळी कडक होतात, त्यामुळे काही वर्षांपूर्वीच्या पाच चांदण्या आज तेवढ्याच भरतील असे नाही. दुसरी म्हणजे फ्रिजसारख्या उपकरणावर वर्षाला किती युनिटे लागतील तो आकडा. दुकानदाराशी बोलताना चांदण्यांपेक्षा या आकड्यावर बोट ठेवावे.

बिलाकडे येऊ. आपल्याकडे घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिल्या शंभर युनिटांना सर्वांत कमी, त्यापुढे तीनशेपर्यंत अधिक, त्यापुढे आणखी. बचत होते ती नेहमी वरच्या टोकाची. ज्याचा खप महिन्याला साडेतीनशे युनिटांचा आहे त्याने पन्नास युनिटे वाचवली तर ती महागड्या टप्प्यातली वाचतात. ज्याचा खपच चाळीस युनिटांचा आहे त्याने पोट मारून दहा वाचवली तरी ती स्वस्तातली. अर्थशास्त्राच्या तासाला सीमांत खर्च ही संज्ञा आम्ही दोन वर्षे घोकली होती. ती वीजबिलाच्या मागच्या बाजूला छापलेली असते, हे त्या दिवशी कळले.

आणि इथेच आजींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले. त्यांच्या घरी नऊ वॅटचे दोन दिवे, रोज पाच-पाच तास. दिवसाला नव्वद वॅट-तास. महिन्याला दोन युनिटे आणि सात दशांश. या घराला वीज वाचवायला सांगणे म्हणजे उपाशी माणसाला एकादशी सांगणे होय. बीएलडीसी पंख्याची शिफारसही त्यांना करणे योग्य नव्हे. साध्या पंख्याहून बरीच अधिक रक्कम आज द्यायची आणि ती स्वस्त टप्प्यातल्या युनिटांतून वर्षानुवर्षे वसूल करायची, हा सौदा त्यांच्या सोयीचा नाही. तो सौदा आपल्यातल्या पुष्कळांच्या घरी मात्र सोयीचा आहे.

आजींची ऊर्जा दिव्यात नव्हतीच. ती होती परसदारी, चुलीत.

गावात गॅस पोचलेला आहे. मे २०१६ मध्ये 'उज्ज्वला' योजना सुरू झाली आणि तिची आठ कोटीवी जोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्याच मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबादेत दिली गेली. आजींच्याही घरी शेगडी आहे. पण ती चहाला, पाहुण्यांना आणि पावसाळ्यात. भाकरी, कालवण आणि आंघोळीचे पाणी चुलीवर व बंबावर. आम्ही याला अज्ञान समजत होतो. बोलता बोलता कळले की त्यात पक्का हिशोब आहे. सिलिंडर भरून आणायला एकरकमी पैसे मोजावे लागतात. पऱ्हाट्या आणि तुराट्या शेतात पडलेल्या असतात. शिवाय भाकरी तव्यावरून काढून आरासमोर उभी करायची ती चुलीतच, ही गोष्ट आम्हाला जेवताना पटली.

मात्र धूर खराच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने घरातल्या अशा धुरापायी २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यात बायका आणि चुलीपाशी खेळणारी मुले अधिक सापडतात, हे सांगायला नको. साधी मातीची चूल जळणातल्या उष्णतेपैकी शेकडा दहा-पंधरा भागच भांड्याला देते. चांगल्या गॅसच्या शेगडीकडून भारतीय मानकाची अपेक्षा शेकडा ६८ ची आहे.

चूल सुधारण्याचे प्रयत्न आपल्याकडे नवे नाहीत. वर्ध्याच्या मगनवाडीत, ग्रामोद्योगाच्या चळवळीतून, स्वातंत्र्याच्या सुमारास 'मगन चूल' पुढे आली. धुराड्याची, दोन-तीन भांडी एकाच जाळावर ठेवता येणारी. १९८३ पासून केंद्र सरकारने सुधारित चुलींचा कार्यक्रम हाती घेतला, पुढे तो देशभर राबवला आणि २००२ मध्ये आवरता घेतला. कागदोपत्री तीन कोटींहून अधिक चुली बसल्या. परंतु बसवलेल्या चुलींतल्या पुष्कळशा बायकांनी पुढे फोडल्या किंवा अडगळीत टाकल्या. तोंड घरातल्या भांड्याच्या मापाचे नाही, धुराडे साफ कसे करायचे ते कोणी सांगितलेले नाही, तडा गेला तर दुरुस्तीला माणूस नाही. उद्दिष्ट चुलींच्या संख्येचे होते, त्यामुळे ती मोजली गेली; पेटत्या चुली किती, याकडे लक्ष उशिरा गेले. आम्हा स्वयंसेवकांनी ही कथा जरूर वाचावी. 'अमुक घरांना भेटी दिल्या' असे अहवालात लिहिताना आम्हीही तेच करीत असतो.

आजींची चूल मात्र पाहण्यासारखी होती. तिला वैल होता. शहरी मित्रांसाठी सांगतो: मुख्य चुलीच्या बाजूला दुसरे तोंड असते, त्याला वैल म्हणतात. दोहोंच्या मध्ये मातीतून एक बोगदा असतो. पुढच्या तोंडावर भाकरी चालू असताना वाया जाणारी ज्वाळा आणि गरम हवा या बोगद्यातून वैलाकडे जाते, आणि तिथे ठेवलेली डाळ किंवा पाणी त्यावर तापत राहते. कारखान्यांत टाकाऊ उष्णता पुन्हा वापरतात, तीच ही युक्ती. आजींचा बोगदा राखेने आणि खचलेल्या मातीने अर्धा बुजला होता. त्यांना ते माहीत होते. गुडघ्यांमुळे खाली बसून तो कोरणे जमत नव्हते इतकेच. आम्ही तो कोरला. म्हणजे आजी ओसरीवरून सांगत होत्या आणि आम्ही कोरत होतो. शेण-मातीने लिंपण केले ते मात्र त्यांनी स्वतः, कारण आमचे पहिले लिंपण त्यांनी दोन बोटांनी खरवडून काढले.

दोन गोष्टी आम्हीही सांगू शकलो. त्यांचा उगम एकाच हिशोबात आहे. एक लिटर पाणी पंचवीस अंशांपासून उकळीपर्यंत आणायला सुमारे ७५ किलोकॅलरी उष्णता लागते. पण तेच उकळते पाणी वाफ करून उडवायला लागते ५४०. म्हणजे सातपटीहून जास्त. आता ओले लाकूड चुलीत घातले की काय होते पाहा. आपली उष्णता आधी त्या लाकडातले पाणी वाफ करून घालवण्यात खर्ची पडते. जाळ मंदावतो, अर्धवट जळते आणि धूर वाढतो. म्हणून जळण आडोशाला, छपराखाली महिनाभर वाळवले आणि बारीक चिरून घातले तर एक पैसा न खर्चता जळणही वाचते आणि डोळेही.

दुसरी गोष्ट आधणाची. पाणी एकदा उकळले की खालून कितीही जाळ केला तरी ते शंभर अंशांच्या वर तापत नाही. जास्तीची सारी उष्णता वाफ उडवण्यात जाते, आणि भात काही लवकर शिजत नाही. उकळी आली की आच कमी करावी आणि झाकण ठेवावे. चुलीवर लाकूड मागे ओढावे, गॅसवर बटण फिरवावे. कुकर का उपयोगी पडतो तेही यावरून कळते. त्यात वाफ कोंडली जाते, दाब वाढतो आणि पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. त्यामुळे डाळ लवकर शिजते. परंतु शिट्टी म्हणजे त्या कोंडलेल्या वाफेचे बाहेर पडणे. पहिली शिट्टी झाल्यावर आच बारीक करून ठेवली तर दाब टिकतो आणि शिट्ट्यांची रांग लावावी लागत नाही. आमच्या घरोघरी मात्र शिजण्याचे माप शिट्ट्यांतच सांगतात. माझ्या आईने हे सारे ऐकून घेतले आणि "बरं, मग तुरीच्या डाळीला किती शिट्ट्या?" असे विचारले. असो.

शिजायला जाळ लागत नाही, गरम राहणे लागते. याचाच पुढचा भाग म्हणजे गोधडीतला भात. तांदूळ धुऊन, पाणी मोजून आधण द्यावे, पाच-सात मिनिटे उकळू द्यावे, घट्ट झाकण लावून पातेले खाली उतरवावे आणि लगेच जुन्या गोधडीत किंवा भुसा भरलेल्या टोपलीत गच्च गुंडाळून ठेवावे. पाऊण तासाने भात तयार असतो. डाळीला आधी भिजवणे आणि अधिक वेळ उकळणे लागते. अन्न गरम असतानाच खावे, रात्रभर तसेच ठेवू नये. पुण्याच्या 'आरती' या संस्थेने सुमारे शंभर ग्रॅम कोळशाच्या कांड्यांवर एका कुटुंबाचा स्वयंपाक वाफेवर शिजवणारा 'सराई' कुकर तयार केला, त्यातही हीच दृष्टी आहे: थोडी उष्णता आणि ती निसटू न देणे. शिबिराच्या पाचव्या दिवशी आमचा भात आम्ही असाच केला. पहिल्या खेपेला तो कच्चा राहिला आणि चाळीस जणांनी तो मुकाट्याने खाल्ला. दुसऱ्या खेपेला साधला.

शिबिर संपले. समारोपाला भाषणे झाली, गावकऱ्यांनी नारळ दिला. परतीच्या गाडीत आमच्यातला एकजण म्हणाला की, आजींच्या प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग राहिला आहे. कोणता दिवा बंद करायचा?

त्या आठवड्यात आम्ही आमच्याच वसतिगृहात रात्री अकरानंतर फेरी मारली. घोषणा न देता. तीन मजल्यांच्या ओवऱ्यांत जुन्या चोकच्या ट्यूबा आहेत. चोकसकट एकीला पन्नास वॅटच्या आसपास लागतात. जिन्याजवळच्या दोन आवश्यक म्हणून सोडून दिल्या. उरलेल्या, कोणीही ये-जा करीत नसताना रात्रभर जळणाऱ्या, मोजल्या त्या चौदा भरल्या. चौदा गुणिले पन्नास, सातशे वॅट. अकरा ते पाच, सहा तास. चार युनिटे आणि दोन दशांश. आम्ही हा आकडा आजींच्या रोजच्या नव्वद वॅट-तासांनी भागून पाहिला. आमच्या ओवरीच्या एका रात्रीत आजींच्या घरातले दोन्ही दिवे सेहेचाळीस दिवस जळले असते.

हा आकडा घेऊन आम्ही अधीक्षकांकडे गेलो. सुरक्षिततेचा मुद्दा त्यांनी काढला आणि तो रास्त होता. मग ठरले असे की, मजल्यागणिक एक दिवा राहील, उरलेल्यांचे बटण वेगळे केले जाईल, आणि रात्री ते बंद करण्याची पाळी आम्ही आठवड्याने वाटून घेऊ. पाळ्या सुरू झाल्या. परीक्षेच्या काळात मोडल्या. पुन्हा सुरू झाल्या. खोल्यांतल्या पंख्यांचे अजून काहीच करता आलेले नाही. रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवून जेवायला जाण्यात प्रस्तुत लेखकाचाही हात आहे. पंख्याची पात नव्या मोटरची व्हावी म्हणून दिलेला अर्ज विचाराधीन आहे.

होळीच्या सुटीच्या आधी आम्ही तिघे पुन्हा गावात गेलो. बोर्डातल्या अण्णांच्या ओसरीवर चौथीतली दोन पोरे मीटरसमोर उभी राहून सेकंद मोजत होती. आजींचा वैल साफ होता आणि त्यावर पाण्याचे भगुले चढवलेले होते. जळण छपराखाली रचलेले होते. ते आमच्यामुळे की पावसाच्या भीतीने, हे आम्ही विचारले नाही. गोधडीतल्या भाताविषयी मात्र विचारले.

"केला की दोनदा," आजी म्हणाल्या. "झाला बी चांगला. पर गोधडीला वास लागला भाताचा. नातू म्हणतोय, रातच्याला भूक लागती." मग पदराने हात पुसत त्यांनी विचारले, "आन् तुमचं रं? तुमच्या कालेजातला कंचा दिवा बंद केला?"

आम्ही खिशातून हिशोबाचा कागद काढला आणि ओसरीवर बसलो.